इंदूचे साक्षगंध

मी माझ्या साडूवर जळतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे, म्हणजे पुढे कोणी ते शोधून काढल्याचा आव आणायला नको. आमच्या भागात साडूला साडभाऊ म्हणतात. त्यातला 'भाऊ' कोणी आणि कोणत्या आशेने जोडला असेल, याचा मी बरेचदा विचार केला आहे.

माझे साडभाऊ रघुनाथराव सौसरला असतात. संत्र्याचा बगीचा, कापसाचे शेत, दारात जीप. तेवढे मी सहन केले असते. पण हा माणूस स्वभावानेही चांगला आहे, आणि तिथे माझा नाइलाज होतो. माणूस घमेंडी असला, कंजूष असला, तर त्याच्यावर जळायला चार जणांची सोबत मिळते. चांगल्या माणसावर एकट्यालाच जळावे लागते, तेही घरच्यांच्या नजरा चुकवून.

मी गुणवंत, पांढुर्ण्याच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर. माझी बायको प्रेमलता आणि रघुनाथरावांची पुष्पा या सख्ख्या बहिणी, सावरगावच्या तुळशीरामजींच्या लेकी. सावरगाव म्हणजे जाम नदीचा पलीकडचा काठ, माझ्या घरून पायी पंधरा मिनिटे. त्यामुळे सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या मामाजींच्या, बी.पी.च्या गोळ्या मी आणतो, विजेचे बिल मी भरतो, चष्म्याची काडी मी बसवून आणतो. रघुनाथराव वर्षातून तीनदा जीपने येतात. आता पायी येणारा जावई आणि जीपने येणारा जावई, यांत कोणाच्या पुरणपोळीवर तुपाची धार जास्त वेळ पडते, हे मी सांगायला हवे का?

शहाऐंशी सालच्या जूनमध्ये रघुनाथरावांचा डॉक्टर भाऊ इंग्लंडहून महिनाभर गावी आला होता. त्याने लाल वाईनची एक बाटली आणली आणि मामाजींना तपासून सांगितले, की रोज जेवण झाल्यावर हे दोन झाकणे घ्या, हृदयाला चांगले असते. मामाजींनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. पण डॉक्टरने सांगितले आणि रघुनाथरावांनी स्वतः जीपमधून आणून दिले, म्हणजे ते टॉनिकच असणार. दोन झाकणे पोटात गेली की मामाजींना झोप लागू लागली, सकाळी ते नदीपर्यंत फिरून येऊ लागले आणि भेटेल त्याला सांगू लागले, "रघुनाथरावानं आनलेल्या टॉनिकनं मी उभा झालो बापा!" दोन वर्षे मी आणलेल्या गोळ्यांनी मामाजी बहुधा नुसते बसलेलेच राहिले असावेत.

बाटली तीन आठवड्यांत संपली. मामाजींचा चेहरा उतरला. त्याच सुमाराला मी सौसरला गेलो असताना रघुनाथरावांनी एक खोके माझ्यासमोर ठेवले.

"मास्तर, भावानं हेबी आनलं. घरीच वाईन बनवाचं सामान आहे म्हनते. पन सारं इंग्रजीत लिहून आहे, आमच्या डोक्यावरून जाते. तुमाले इंग्रजी येते, अन् तुमच्याजवळ टाइमबी राहते."

टाइमबी! परतीच्या बसमध्ये बोरगाव येईपर्यंत मी त्या 'बी'वरच विचार करत होतो. म्हणजे बगीचा नाही, शेत नाही, जीप नाही, पण टाइम आहे. आणि वर नको असलेली वस्तू मला! पण पांढुर्णा येता येता माझ्या मनात दुसरेच काही शिजू लागले. पोळ्याला दोन्ही जावई सावरगावला जमतात. त्या दिवशी मी मामाजींच्या हातात लाल बाटली ठेवणार आणि मामाजी साऱ्या भावकीसमोर म्हणणार, "हे आमच्या गुणवंतरावानं केलं." बस. तेवढे एक वाक्य मला हवे होते. त्यासाठी मी वाईनच काय, साबणही बनवला असता.

खोक्यात घट्ट लाल रसाचा एक डबा होता, दोन-तीन पुड्या, काही गोळ्या, एक रबरी बूच, वाकडीतिकडी नळी आणि एक पुस्तिका. पुस्तिका पाहून मला बरे वाटले, कारण हे माझे राज्य होते. प्रेमलतेला समोर बसवून मी पहिले पान मोठ्याने वाचायला घेतले आणि चौथ्या ओळीला अडखळलो. तिथे लिहिले होते, 'द मस्ट मस्ट बी केप्ट कव्हर्ड'.

"छपाईची चूक आहे," मी म्हणालो, लाल पेन काढला आणि एक मस्ट खोडला. "इंग्लंडमध्येसुद्धा आता पूर्वीसारखं राहिलं नाही." पुढे 'स्टर द मस्ट' होते. म्हणजे 'पाहिजे' ढवळा. त्याच्याही खाली 'द मस्ट मस्ट नॉट' होते. अकरा मस्ट मी कापले, तेव्हा पुस्तिकेत करायचे काय तेच उरले नाही. द्राक्षाच्या कच्च्या रसालाच इंग्रजीत मस्ट म्हणतात, हे मला शाळेतल्या जाड डिक्शनरीत चौथ्या दिवशी सापडले. सतरा वर्षे मी मुलांना मस्ट शिकवत होतो! मी गुपचूप घरी येऊन अकराही मस्ट निळ्या पेनाने परत लिहिले. चहा देताना प्रेमलता उगीचच हसत होती.

मग साखर. पुस्तिकेप्रमाणे दोन किलो साखर लागत होती. त्या महिन्यात बाजारातून साखर गायब झालेली, आणि कंट्रोलची साखर आमच्याकडे पंधरा दिवसांतच संपत असे. सल्ला घ्यावा म्हणून मी शेजारच्या पुंडलिकरावांकडे गेलो. पुंडलिकराव आबकारी खात्यातले निवृत्त जमादार. सदतीस वर्षे त्यांनी जंगलात मोहफुलांच्या दारूची मडकी फोडण्यात घालवलेली. अशा माणसाकडे अशा कामाचा सल्ला मागणे हे शहाणपणाचे नव्हते, हे मला मान्य आहे. पण आमच्या गल्लीत पुंडलिकरावांपासून काही लपत नसे. त्यांच्या नाकाची कीर्ती छिंदवाड्यापर्यंत होती.

त्यांनी डोळे मिटून सगळे ऐकले. "मास्तर, एक सांगा. दारू आहे का टॉनिक आहे?"

"टॉनिक."

"मंग मले काहीच ऐकू नाही आलं. आता साखरेचं बोला. तहसीलमधी अर्ज द्या. कार्यक्रम असला तं जास्तीची साखर भेटते. पन लग्न लिहान तं पत्रिका मागते. तेरवी लिहान तं मेलेल्याचं सर्टिफिकेट मागते. तुमी साक्षगंध लिहा. त्याले काहीच लागत नाही, फक्त शेजाऱ्याची सही लागते. थे मी करतो."

मला ते पटले. साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, सारे तोंडीच असते. टिळा लावला, साखर-नारळ दिले, झाले. मी शुद्ध अक्षरात अर्ज लिहिला आणि दोघे तहसीलच्या खिडकीशी जाऊन उभे राहिलो. खिडकीतला बाबू जबलपूरकडचा, नुकताच बदलून आलेला. त्याने अर्ज वाचला, मान वाकडी केली, परत वाचला.

"मास्टरजी, ये साक्ष्य किस बात का है?"

"साक्ष्य नहीं जी, साक्षगंध."

"वही तो पूछ रहा हूँ. किस चीज़ की गंध है? और उसका साक्ष्य कौन देगा?"

माझ्या मागे पुंडलिकराव उभे होते. सदतीस वर्षे त्यांनी कोर्टात गंधाचीच साक्ष दिली होती. जुनी सवय. ते एक पाऊल पुढे सरकले, पाय जुळवले आणि म्हणाले, "गंध का साक्ष्य मैं दूँगा, साहब."

मी मध्येच ओरडलो, "सगाई! सगाई!" तेव्हा कुठे बाबूचा चेहरा उजळला. "अरे, तो सगाई लिखिए ना. लड़की का नाम?"

हे आम्ही ठरवलेच नव्हते. मला एकच मुलगा, तो नागपूरला होस्टेलात. मुलगी नाही. पण बाबूचे पेन कागदावर टेकलेले होते आणि मागे रांग होती. मला सकाळ-संध्याकाळ ज्या एका बाईमाणसाचे नाव ऐकू येते, तेच तोंडातून निघाले. "इंदू."

इंदू ही आमच्या डाव्या बाजूच्या देवकाबाईंची गाय.

"पिता का नाम?" बाबूने विचारले आणि माझ्या रेशनकार्डावरून स्वतःच लिहून घेतले. अशा रीतीने सरकारी कागदावर मी एका गाईचा बाप झालो. पण परमिट मिळाले. बाबू हसून म्हणाला, "मिठाई खिलाइए मास्टरजी." मी हो म्हणालो. खोटे बोलायला लागला की माणूस सगळ्यालाच हो म्हणतो.

कंट्रोलच्या दुकानात अनिल बसतो. त्याला सगळे कागद मोठ्याने वाचायची खोड आहे. "कुमारी इंदू, पिता गुणवंत मास्तर, साक्षगंधासाठी साखर दोन किलो!" तो म्हणाला, आणि रांगेत पाचव्या नंबरवर देवकाबाई घासलेटचा डबा घेऊन उभ्या होत्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमाले पोट्टी कवा झाली?"

मी साखर घेतली आणि घरी आलो. दुसरा कोणताही मार्ग मला त्या वेळी सुचला नाही.

त्याच दुपारी मी लोणच्याची मोठी काचेची बरणी धुऊन घेतली, त्यात रस, पाणी, साखर आणि पुडी घातली, बूच लावून नळी बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळीतून आवाज आला, बुडुक. मग थोड्या वेळाने परत बुडुक. तो आवाज ऐकून मला जो आनंद झाला तो मुलगा मॅट्रिक झाला तेव्हाही झाला नव्हता. सौसरचा सारा बगीचा एका बाजूला आणि माझी बुडुक एका बाजूला. शाळेतून आल्याबरोबर मी बरणीसमोर पाट टाकून बसू लागलो.

देवकाबाई एकदा साखर उसनी मागायला आल्या आणि बरणीपाशी थबकल्या. "हे काय होय? पोट बिघडलं काय बरणीचं? गॅस होऊन राहिला तिले. वाटीभर ओवा टाका, बसून जाते." पुंडलिकरावांचे मत वेगळे होते. ते दिवसातून दोनदा येऊन नाक लावत आणि मोहाच्या दारूत टाकतात तसा नवसागर टाका म्हणून आग्रह करत. "पन पुंडलिकराव, पुढं काय करायचं? शेवटी कशी दिसते?" मी विचारले. त्यांनी सुस्कारा टाकला. "थे मले नाही मालूम, मास्तर. सदतीस वर्षांत मी शेवटपर्यंत कधी पाह्यलंच नाही. सारं अर्ध्यातच फोडलं."

इकडे गल्लीत इंदूची बातमी फिरत होती. देवकाबाईंनी रांगेत ऐकलेले चार घरी सांगितले आणि पाचव्या घरी पोचेपर्यंत त्या इंदूला वय आले, रंग आला आणि गाव आले. वय एकोणीस, रंग गोरा, गाव अमरावतीकडचे. मास्तर बी.एड.ला तिकडेच होते, हेही कोणाला तरी आठवले. मी खरेच तिकडे होतो.

त्या शनिवारी शाळेतून आलो तर प्रेमलता ओट्यावर बसलेली. शेजारी पिशवी भरलेली.

"कोन आहे हे इंदू?" तिने विचारले.

"देवकाबाईची गाय," मी म्हणालो.

लग्नाला वीस वर्षे झाली, पण तिने माझ्याकडे तसे कधी पाहिले नव्हते. "गाईचं साक्षगंध करून राहिले तुमी?"

"साखरेसाठी केलं."

"अन् बाप म्हनून तुमचं नाव?"

"ते बाबूनं लिहिलं."

मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. तरी बोलता बोलता माझे मलाच सगळे खोटे वाटू लागले. प्रेमलतेने पिशवी उचलली आणि नदी ओलांडून सावरगावला निघून गेली. मी मागे बरणीकडे पाहत उभा राहिलो. बुडुक, बरणी म्हणाली.

प्रेमलतेने माहेरी सांगितले, मामाजींनी सौसरला माणूस पाठवला आणि रविवारी सकाळी माझ्या दारात जीप थांबली. रघुनाथराव एकटेच उतरले. हातात एक पुडके होते. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवले, दार लोटून घेतले आणि माझ्या समोर बसले.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "जे असन ते असन. मी काही विचारत नाही. जवानीत मानसाच्या हातून होऊन जाते. पन पोरगी आपली आहे तं आपलीच आहे. तिले उघड्यावर नाही पडू द्याचं. प्रेमलताबाईले मी समजावतो. पोरीसाठी लुगडं आनलं आहे. अन् तुमाले लोकांत अवघड होत असन, तं तिचं कन्यादान मी करतो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, खरेखुरे. आणि मला, देवाशप्पथ सांगतो, कृतज्ञता वगैरे काही वाटली नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या नसलेल्या मुलीचे कन्यादानसुद्धा हाच माणूस करणार! मला एक कलंक मिळाला होता, उभ्या आयुष्यात पहिलाच, तोसुद्धा मला एकट्याने भोगता येईना. त्यातूनही मोठेपणा यांनाच.

"उठा," मी म्हणालो, "तुम्हाला इंदू दाखवतो." त्यांना मी आधी भिंतीवरून गाय दाखवली, मग आत नेऊन बरणी दाखवली आणि मस्टपासून साक्षगंधापर्यंत सगळे सांगितले. फक्त पोळ्याच्या दिवशीचे वाक्य मी सांगितले नाही. मला वाटले ते हसतील. रघुनाथराव हसले नाहीत. ते बरणीसमोरच्या पाटावर बसले आणि दोन-तीन वेळा बुडुक होईपर्यंत बसून राहिले.

"तुमी केलं हे? सोतः?" त्यांनी विचारले. मी मान डोलावली. ते उठले, सावरगावला गेले आणि तासाभरात प्रेमलतेला जीपमधून घरी घेऊन आले. मी जे सांगितले होते तेच त्यांनी सांगितले, शब्दाला शब्द. माझ्या तोंडून ती थाप होती आणि त्यांच्या तोंडून ते पाच मिनिटांत खरे झाले. "भाऊजी म्हनते म्हनजे असन," प्रेमलता म्हणाली. लुगडे तिने ठेवून घेतले. मला रात्री जेवण गोड लागले नाही.

श्रावणभर मी पुस्तिकेच्या हुकमात राहिलो. एका पानावर 'रॅक द वाइन' असे होते. मी प्रेमलतेच्या भांड्यांच्या रॅकवरून डबे उतरवले आणि बरणी वर चढवली. दहा दिवसांनी 'रॅक अगेन' होते. मी ती आणखी वरच्या फळीवर ठेवली. वरचा नितळ रस दुसऱ्या भांड्यात काढून तळाचा गाळ टाकून द्या, असा त्या शब्दाचा अर्थ होता हे मला पुढे कळले. त्या वेळी मला एवढेच वाटले की वाईन ही उंचीवर राहणारी वस्तू असावी. पोळा तीन दिवसांवर आला तरी बरणी अधूनमधून बुडुक करतच होती. पुस्तिका सांगत होती, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत थांबा. पण पोळा थोडाच थांबणार होता? मी सहा बाटल्या भरल्या, बुचे ठोकली आणि त्यातली सगळ्यात लाल दिसणारी निवडून टॉवेलात गुंडाळली.

पोळ्याच्या दिवशी दुपारी बैल पुजून झाले होते. दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना गोटे मारणार, म्हणून सावरगावात पांढुर्ण्याच्या जावयाची आदल्या दिवशी जी थट्टा होते ती माझी सुरू होती. अंगणात भावकीतले दहा-बारा लोक, मध्ये मामाजी पांढऱ्या धोतरात आणि नव्या टोपीत, शेजारी रघुनाथराव. प्रेमलता आणि पुष्पाताई दारात. मी नदीच्या उतारावरून बाटली काखेत घेऊन हेलकावे खात आलो होतो. मामाजींसमोर उभा राहून मी टॉवेल सोडला, घसा साफ केला आणि बोलण्यासाठी तोंड उघडले.

माझ्याआधी बाटलीच बोलली. धाडकन आवाज झाला, बूच सुटले आणि मामाजींची नवी टोपी उडून तुळशीवृंदावनाच्या मागे गेली. लाल कारंजे धोतरावर पडले.

"पांढुर्णावाल्यानं उद्याचे गोटे आजच सुरू केले काय रे!" मामाजी ओरडले. सारे अंगण हसू लागले. बाटलीत अर्धी वाईन उरली होती. मामाजींनी हाताला लागलेली आधी चाटून पाहिली, मग पेला मागितला, मग एक घोट घेतला. आता, मी मनात म्हणालो, आता ते वाक्य येणार.

"हे तं मागच्यापेक्षा झन्नाट आहे!" मामाजी म्हणाले आणि वळले. "रघुनाथराव, तुमच्या भावाले कळवा."

"मामाजी, हे मी नाही आनलं," रघुनाथराव म्हणाले. "हे मास्तरनं घरी केलं. मी सोतः पाह्यलं."

मामाजींनी भावकीकडे पाहून मान हलवली. "पाह्यलं? हाच तं रघुनाथरावाचा मोठेपना आहे. सारं करते अन् नाव दुसऱ्याचं पुढं करते."

भावकीने माना डोलावल्या. रघुनाथरावांनी पुन्हा तोंड उघडले, पण मला आता राहवले नाही. "मीच केलं!" मी ओरडलो. माझा आवाज वर्गात चिरकतो तसा चिरकला. "सहा आठवडे मी..."

"तू गप राय रे!" मामाजी कडाडले. "मोठा आला बनवनारा! डोया फुटला असता आज माहा! नव्या धोतराचं मातेरं केलं! अन् त्या विहिरीवरची मोटर कालपासून बंद आहे, चार खेपा निरोप धाडला तुले, थे पाह्याची सोडून बुचं मारून राहिला सासऱ्याले? जाय आधी, मोटर पाह्य!"

तू! जावयाला! साऱ्या भावकीसमोर, सणाच्या दिवशी! घरगड्यालासुद्धा कोणी असे बोलत नाही. मी प्रेमलतेकडे पाहिले. ती पदर तोंडाला लावून हसत होती. मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि घरामागच्या विहिरीकडे निघालो. मोटरीची पेटी उघडून मी फ्यूजची तार ओढत बसलो, तेवढ्यात मागे पावले वाजली. रघुनाथराव होते. सांत्वन करायला आले असणार, तेही यांच्याशिवाय कोण करणार!

ते सांत्वनाचे काही बोलले नाहीत. विहिरीच्या काठावर बसले आणि खडे पाण्यात टाकत राहिले.

"मास्तर, माहा बाप गेला तवा मी सहा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "लग्न झालं तवा मले वाटलं, चला, एक बाप भेटला. बावीस वर्षं झाले. या रघुनाथराव, बसा रघुनाथराव, घ्या रघुनाथराव. पोळीवर तूप वाढते मले पाव्हन्यासारखं. एकदा मी जीप मामाजीच्या पेरलेल्या तुरीतून घातली, मुद्दाम. वाटलं आता तरी रागावन. तं म्हनते, काही हरकत नाही, रघुनाथराव."

मी तार फ्यूजमध्ये बसवली.

"तुमाले मोटर पाह्याले सांगते. मले कधी सांगतलं नाही. मले येते ना मोटर, तुमच्यापेक्षा चांगली येते. खोटं नाही सांगत, मास्तर, जळतो मी तुमच्यावर. लय जळतो."

माझ्या हातापायांत एकदम हलकेपणा आला. रघुनाथराव माझ्यावर जळतात! वीस वर्षे! जीपमधून येताना जळतात, तूप वाढून घेताना जळतात! मी चारी बाजूंना पाहिले. ऐकायला कोणी म्हणजे कोणी नव्हते, एक बैल सोडला तर. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटायला हवे होते, आणि थोडे वाटलेही, त्यांचा चेहराच तसा झाला होता. पण ते वाईट वाटणे मी नंतरसाठी ठेवले.

"गुणवंता!" घरातून मामाजींची आरोळी आली. "झाली काय रे मोटर? का झोपला तिथंच, गाढवा?"

रघुनाथरावांनी मान खाली घातली. तार बसली होती, फक्त बटन दाबायचे बाकी होते. पण मी बटन दाबले नाही आणि 'ओ'ही दिली नाही. म्हटले, मामाजींना अजून एकदा ओरडू द्यावे, रघुनाथरावांना नीट ऐकू गेले पाहिजे.